पाचव्या दिवसाचं औषध

"ह्या घे तुझ्या पुड्या!" म्हणत राजाबाईनं खिडकीच्या फळीवर औषधाच्या पुड्या अशा आपटल्या, की त्यातली एक फुटून पांढरी पूड अंबुबाईच्या मनगटावर उडाली. "कितीदा न्हेल्या, काडीचा फरक न्हाय. डॉक्टरास्नी सांग, असल्या चुन्यानं आमची भिंत तेवढी पांढरी व्हईल, सुनंच्या पोटाची कळ न्हाय थांबायची."

मागं बाटल्या धरून उभ्या असलेल्या बायका फिसकन हसल्या.

निपाणीच्या त्या दवाखान्याला दोन खिडक्या होत्या. रस्त्याकडची पुरुषांची, बोळाकडची बायकांची. बायकांच्या खिडकीवर अंबुबाई बसायची. बाई माणूस कंपाउंडर म्हणजे गावाला अप्रूपच होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ पांढरं झालं, तेव्हा थोरल्या भावानं तिला मिशनच्या दवाखान्यात शिकायला घातलं. पुड्या बांधणं, मिक्श्चर ढवळणं, मलम घोटणं ती तिथं शिकली आणि परत येऊन या खिडकीला चिकटली ती चिकटलीच. पुरुष कंपाउंडरला बायका आपलं दुखणं सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी तिला ठेवलं होतं. पण बायका तिलाही सांगत नसत. बाई मागं उभी राहायची आणि सासू बोलायची.

राजाबाईची सून चंपा अशीच एकदा आली होती. तंबाखूच्या वखारवाल्या पारिसाची बायको, सदलग्याची लेक. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं?" राजाबाई म्हणाली, "पोटात." "पोटात कुठं?" "पोटातच की हो, दुसरीकडं कुठं असतंय पोट?" डॉक्टर वाईट नव्हते. पडद्याआडच्या बाईला त्यांनी दोनदा विचारून पाहिलं. पडद्याआडून नुसतं कांकण वाजलं. मग त्यांनी ज्या दुखण्याला जे द्यायचं ते लिहून दिलं, आणि ते बरोबरच होतं. अंबुबाईनं स्वतःच्या हातानं पुड्या बांधल्या होत्या. लढाई सुरू झाल्यापासून जर्मनीचं औषध यायचं बंद झालं होतं. डॉक्टरांनी बेळगावच्या खडेबाजारातून खटपट करून ही पूड आणवली होती.

त्याच पुड्या आज फळीवर पडल्या होत्या.

"राजाक्का, कवा दिल्या तिला पुड्या?" अंबुबाईनं विचारलं.

"कवा म्हंजे? नेमानं दिल्या."

"दुखाय लागल्याबरोबर?"

"तवा कशा देणार? तवा ती भाईर बसल्याली असतीया. न्हाऊन घरात आली, गंधोदक लावलं, का पाचव्या दिसापास्नं चालू. एक दीस चुकलो न्हाय."

"पाचव्या दिवशी दुखतं तिला?"

"न्हाय. तवर थांबतंय की."

"मग पुडी कशाला दिली?"

"डॉक्टरानं दिलीया म्हणून!" राजाबाईला या अडाणी प्रश्नाचाच राग आला. "टाकून द्यायची व्हय?"

बायका पुन्हा हसल्या. अंबुबाई हसली नाही. तिला राग आला की तिचा आवाज वर जात नसे, खाली जाई. इतका खाली, की समोरच्याला कान पुढं करावा लागे.

"आता कशी हाय चंपा?"

"कालपास्नं पडलीया कडंला. गुडघं पोटात घिऊन, कण्हायचं नाटक चालू हाय. पुड्या घरात कशाला ठेवू म्हणून परत आणल्या."

म्हणजे दुखणं घरात पडलं होतं आणि औषध दवाखान्यात परत आलं होतं.

"ऐक," राजाबाई फळीवर वाकून म्हणाली, पण मागच्या साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं, "फुडल्या बारीला उठली तर उठली. न्हाय तर सोंग हाय समजायचं आणि सदलग्याला न्हेऊन घालायचं. पारिसासाठी गळतग्याची पोरगी बघितलीया. पोर न्हाय, बाळ न्हाय, वर म्हैन्याला हे खेळ. किती दीस काढायचं?"

ती गेली. अंबुबाईनं फुटलेल्या पुडीची पूड फळीवरून निपटून घेतली. पुढच्या बाईला खोकल्याचं औषध देताना तिनं बूच इतकं जोरात दाबलं, की ते आतच गेलं.

*

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर ती पदराला पुड्या बांधून वखारीमागच्या घरी गेली. राजाबाई जेवून कलंडली होती. मागच्या अंगणात, तंबाखूची पोती रचलेल्या छपरात चंपा गोणपाटावर पडली होती. छपरात पाऊल टाकताच अंबुबाईच्या नाकाला झिणझिण्या आल्या. ज्या घरात देवापुढं कापूर लावल्याशिवाय चूल पेटत नाही, त्या घरानं आपल्या सुनेला दुखण्यासाठी ही जागा काढून दिली होती.

"अंबुआक्का, लांब बसा. शिवशिला."

"शिवू दे." अंबुबाई तिच्या उशालाच बसली. चंपाचं कपाळ गार होतं आणि घामानं चिकट झालं होतं. "आता आपण दोघीच हाय. कांकण वाजवू नको, तोंडानं बोल. कुठं दुखतंय?"

चंपानं आधी छपराच्या दाराकडं पाहिलं. मग ओटीपोटावर हात ठेवला, तिथून कमरेवर नेला, तिथून मांडीपर्यंत.

"परसाकडं जाताना दुखतंय?"

"सुरी फिरवल्यागत."

"ह्या दिवसांतच?"

"लई करून ह्याच दिसांत."

अंबुबाई वाकून तिच्या कानाशी आली. "आणि पारिसा जवळ आला की?"

चंपानं तोंड गोणपाटात लपवलं. आतूनच म्हणाली, "त्येस्नी वाटतंय मला ते नको झाल्यात. मी काय सांगू? हे तुमाला कसं कळलं, आक्का?"

"मला बी व्हायचं."

चंपानं तोंड वर केलं. आपल्यासारखं दुसऱ्या कुणाला होत असेल हे तिला या जन्मात वाटलं नव्हतं. अंबुबाईच्या सासरीही याला नखरा म्हणत. अंबुबाईनंही कधी तोंड उघडलं नव्हतं. नवरा वारला त्या वर्षी सासू सगळ्यांदेखत म्हणाली होती, माझ्या लेकाला हिनं सुख दिलं नाही. ते वाक्य तिनं गिळलं होतं आणि ते अजून उतरलं नव्हतं. या दुखण्याला काही नाव असेल असं त्या काळी त्या मुलखात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अंबुबाईलाही नाव ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की ते खरं आहे.

तिनं पदराची गाठ सोडली. "ही घे पुडी. आत्ता घे."

"न्हाय घेता येत."

"का?"

"नेम हाय." चंपा कळ गिळत म्हणाली. "चातुर्मासाला महाराज आलते, तवा आत्याबाईंनी घ्यायला लावलाय. विलायती औषीद, कशाचं असतंय कुणाला म्हाईत. म्हणून गंधोदक लावल्याबिगर चालू करायचं न्हाय. भाईर बसल्यावर मला गंधोदक कोण देणार?"

जिनमूर्तीच्या अभिषेकाचं ते पाणी. अंबुबाई स्वतः रोज पहाटे बस्तीत, जिनमंदिरात, जाऊन ते डोळ्यांना आणि कपाळाला लावत असे. त्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. त्या थेंबांचा गारवा तिला ठाऊक होता. आणि आज त्याच थेंबांची कुणी या पोरीच्या वाटेत भिंत घातली होती. हातात औषध, पुढ्यात तळमळणारी बाई, आणि मध्ये देवाचं पाणी!  अंबुबाईला देवाचा राग आला नाही. देवाच्या नावावर आपला संशय खपवणाऱ्यांचा आला.

पण तिनं चंपाला नेम मोड असं म्हटलं नाही. नेम मोडायला लावणारी बाई दुसऱ्या दिवशी घरी जाते, मोडणारी मात्र त्याच घरात राहते, हे तिला कळत होतं.

"बरं. आज ऱ्हाऊ दे. पुड्या मात्र जपून ठेव," ती म्हणाली. "मला सांग, दुखणं यायच्या आधी काय कळतंय का?"

"कळतंय की. आधी कंबर धरती. दशमीच्या आसपास. मग दोन दिसांनी बसतो."

"कंबर धरती तवा तू घरातच असतीस?"

"घरात. बस्तीला बी जातो."

"मग झालं तर." अंबुबाईचा आवाज पुन्हा खाली गेला. "नेम औषध चालू करायपुरता हाय. कंबर धरली की त्याच सकाळी बस्तीत जा, गंधोदक लाव, आणि घरात असतानाच पहिली पुडी घे. झालं चालू. मग भाईर बसलीस तरी चालू झालेलं औषध तोडायचं न्हाय. दुखणं चढल्यावर मागं धावून काय उपेग न्हाय गं, ते चढायच्या आधीच त्याची वाट अडवायची."

चंपा बघतच राहिली. "असं चालतंय?"

"महाराजांनी काय सांगितलं, आठव."

चंपानं डोळे मिटून आठवलं. "चालू करताना, म्हणाले. तेवढंच म्हणाले."

"मग आपण बी तेवढंच करू. आणि ऐक, उपाशीपोटी घ्यायची न्हाय. चौदसचा कडक उपास तेवढ्यापुरता सोड, एकवेळ जेव आणि मग घे. दिवस मावळायच्या आत जेवतीस तवा शेवटची. पोटात आग पडली, कानात घूं घूं व्हाय लागलं, परसाकडं काळं झालं, तर बंद करायची आणि मला सांगायचं. आणि सगळं दुखणं जाईल असं बी समजू नको. निम्मं जाईल. उरलेल्याला शेक."

ती उठली. न्हाणीच्या चुलीत निखारे होते. त्यात तिनं विटेचा तुकडा तापवला, गोणपाटात गुंडाळला आणि चंपाच्या ओटीपोटाशी धरला. चंपाच्या तोंडून पहिल्यांदाच कण्हणं नव्हे, तर नुसता श्वास बाहेर पडला.

"अगं माझ्या करमा!" राजाबाई मागच्या दारात उभी होती. "तू शिवलीस तिला? आता बस्तीला कशी जाशील सांजच्या आरतीला?"

"न्हाय जात आज," अंबुबाई वीट फिरवत म्हणाली. "देव कुठं जातोय? तिथंच ऱ्हातोय."

*

पुढल्या महिन्यात राजाबाई खिडकीवर आली ती हसत.

"उठली की गं!" ती म्हणाली. "कडंला बसली, पर पडली न्हाय. छपरात बसून दीसभर तंबाखूची पानं निवडली. मधी जरा वाकडंतिकडं तोंड केलं, पर बसली उठून. दुसऱ्या दिवशी बी तेच."

अंबुबाईनं हातातली बाटली खाली ठेवली.  चिनीमातीचा खल बाजूला सारून ती उभीच राहिली. "खरं म्हणताय राजाक्का? कळ सोसवली तिला?"

"सोसवली म्हंजे काय! तेच तर सांगाय आलोय." राजाबाईनं हात हवेत उडवला. "एका पुडीनं पळतंय ते दुखणं असतंय व्हय? म्हंजे काय न्हवतंच तिला. सोंग. इतकी वर्षं आमच्या डोळ्यात धूळ टाकली."

अंबुबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. औषध लागू पडलं नव्हतं तेव्हा ते सोंग होतं. औषध लागू पडलं, आता तर सोंगच.

"राजाक्का," ती म्हणाली. आज तिचा आवाज खाली गेला नाही. बोळातल्या बायकांनी माना वर केल्या. रस्त्याकडच्या खिडकीवरचे पुरुषही गप्प झाले. "दिवाळीत तुमच्या पारिसाची दाढ ठणकत होती. लवंगेच्या तेलाचा बोळा मीच दिला होता. बोळ्यानं ठणका थांबला. म्हंजे दाढ दुखत न्हवती? तुमचा पारिसा सोंग करत होता?"

"दाढ दिसतीया!" राजाबाईही तडकली. "किडकी दाढ तोंडात दिसतीया. हिचं काय दिसतंय? कुणी बघितलंय?"

"कुणाला बघायचं होतं? तंबाखूच्या छपरात ढकलून दार लोटून घेता आणि वर विचारता, कुणी बघितलं! डॉक्टरांनी विचारलं तर तुम्ही बोलता. नवऱ्याला कळत न्हाय, सासूला कळून घ्यायचं न्हाय, देवाला कळतं तर त्याचं पाणीसुद्धा तुम्ही अडवून धरलं. बाईनं दुखतंय हे कुणाला सांगायचं? तंबाखूच्या पानांना?"

"देवाचं नाव घिऊ नको! विधवा बाई, पगारी बाई, तू आमच्या घरात..."

"घेणार. रोज घेते. तुमच्यापेक्षा कमी न्हाय घेत."

 एवढं बोलून अंबुबाई खाली बसली. राजाबाईनं पदर सारखा केला, मागं पाहिलं, आणि बायका ऐकताहेत हे पाहून आवाज एकदम गोड केला. ते गोड बोलणंच जास्त वाईट होतं.

"राग कशाला करतीस, अंबू? मी तर तुझा उपकार मानाय आलोय. सदलग्याला न्हाय धाडत आता तिला. पारिसाचं लगीन व्हणार, पोर पायजेच की घराला. पर चंपा ऱ्हाईल. म्हैनाभर राबती, आता ते चार दीस बी राबंल. तंबाखूच्या दिसांत माणूस मिळत न्हाय. म्हैन्याच्या म्हैन्याला तेवढ्या पुड्या देत जा."

आणि ती गेली.

अंबुबाईनं त्या दिवशी पुढं कुणाशी फारसं बोलणं केलं नाही. बाटल्या घेतल्या, भरल्या, दिल्या. डॉक्टरांनी आतून विचारलं, "काय झालं ओ अंबुबाई? मघाशी आवाज कुणाचा?" ती म्हणाली, "माझा." डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडं वळले. तिनं हातानं बांधलेल्या पुड्या एका बाईला मजूर म्हणून कामाला जुंपणार होत्या. बैलाच्या खांद्यावर तेल चोळतात ते काय बैलावर माया म्हणून? जू टिकावं म्हणून. रात्रीच्या सामायिकात, ध्यानाला बसून, ती माळेचे मणी ओढत राहिली, आणि प्रत्येक मण्याला मन म्हणत होतं, मी हे काय केलं.

*

पारिसाच्या हळदीच्या दिवशी वखारीवरून वाजंत्र्यांचा आवाज येत होता. खिडकीवर गर्दी कमी होती. अर्धं गाव तिकडं जेवायला गेलं होतं. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी एक बैलगाडी येऊन थांबली आणि तिच्यातून चंपा उतरली. अंगावर रोजचंच लुगडं. मागं सासू नव्हती. गाडीवर तिचा भाऊ चंद्रप्पा कासरा धरून बसला होता.

ती सरळ खिडकीशी आली. "अंबुआक्का, पुड्या द्या. सदलग्याला ह्या मिळत न्हाईत."

"हाकललं तुला?" अंबुबाईनं विचारलं.

"न्हाय. ठेवून घ्यायचं हुतं त्येस्नी. आत्याबाई तर रडली बी जरा. हळदीला पहिल्या बायकूचा हात लागावा म्हणून थांब म्हणली." चंपानं गाडीकडं पाहिलं. "मी न्हाय थांबलो. अण्णाला सांगावा धाडला."

"का गं? ऱ्हायला तर मिळत होतं. माहेरी भावजय काय म्हणंल? लोक म्हणतील सवतीला भिऊन पळाली."

"म्हणू देत." चंपानं फळीवर हात टेकले. कमरेची कळ येऊन गेली असावी, तिचे डोळे जरा बारीक झाले. "सवतीचं काय न्हाय, आक्का. तिचा काय दोष? घरच्यांनी मला सांगितलं, तुला काय बी न्हवतं. सगळ्यांफुडं सांगितलं. धन्यांनी बी. मी म्हणलं, हुतं. ते म्हणाले, न्हवतं. मग मी म्हणलं, ज्या घराला वाटतंय, मला दुखतंय का न्हाय हे मला बी कळत न्हाय, त्या घरात मी कशाला ऱ्हाऊ?"

अंबुबाईच्या हातून कागद बांधला जाईना. दोनदा घडी चुकली. मग चंपानंच खिडकीतून हात आत घालून कागद धरून ठेवला आणि अंबुबाईनं पूड ओतली. भरपूर ओतली.

"सकाळी बस्तीला जाऊन आलीस?"

"आलोय. पहिली पुडी बी घेतली, भाकरी खाऊन." चंपा पहिल्यांदा हसली. "गाडीत हिसके बसत्यात, म्हणून आधीच."

"तिथल्या डॉक्टराला सांग. दुसऱ्या कुणाला बोलू देऊ नको. तू बोल."

"बोलंन की. आता सवय झाली."

पुड्या पदरात बांधून ती वळली. चंद्रप्पानं तिला हात देऊन वर घेतलं, गवताच्या पेंढ्या मागं सरकवून टेकायला जागा केली. गाडी निघाली. वाजंत्री ऐकत बाजारातले लोक उभे होते. गाडीतली बाई कोण हे त्यांना कळलं, तसे ते एकमेकांना खुणा करू लागले. एक-दोघी पुढंही आल्या.

रस्त्यावर खाचखळगे होते. पहिल्याच हिसक्याला चंपाच्या अंगातून कळ गेली. अंबुबाईला ती खिडकीतून दिसली. पण चंपा वाकली नाही, पदराआड तोंड नेलं नाही. ताठ बसून, भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तिनं ओटीपोटावर हात ठेवला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून काढला नाही.